निरीक्षण विहिरीच्या आक्का

प्रिय ईरा आणि ओजस,

"आमच्याकडं काय कमी न्हाय."

हे म्हणताना आक्का उजवा हात हवेत असा आडवा फिरवायच्या, की वाटावं समोर उसाचे फड आहेत, गाईगुरांनी गोठा भरला आहे. प्रत्यक्षात समोर एक लिंबाचं झाड, दोन शेळ्या आणि भेगाळलेलं अंगण असे.

त्यांची आठवण आत्ताच का काढली ते सांगते. गेल्या रविवारी ईराने फोनवर विचारलं, "आजी, तू पाण्याच्या सरकारी सर्वेक्षणात होतीस ना? मी दुष्काळ आणि सरकारी धोरण यावर लिहितेय. तेव्हाची मोजमापं खात्रीची असायची का गं?" मी भारदस्त आवाजात "अगदी!" म्हणाले, फोन ठेवला आणि एकटीच इतकी हसले की कवळी काढून ठेवावी लागली. ईरा, तू ती मोजमापं तुझ्या प्रबंधात वापरण्याआधी ही बाई तुला माहीत असायला हवी. तुम्ही दोघं मराठी सावकाश वाचता, म्हणून सोपं लिहिते. आक्कांची बोली मात्र सोपी करणार नाही. ती अडली तर आईला विचारा.

त्यांचं नाव लिहीत नाही. वस्तीत सगळे त्यांना आक्का म्हणायचे, मीही तेच म्हणत असे.

भूमच्या बाजूला, जिथे पाऊस येतो म्हणतो आणि येत नाही, तिथे त्यांचं गाव. माझी नोकरी उस्मानाबादला होती. आमच्या कार्यालयाने जिल्ह्यातल्या काही विहिरी निवडल्या होत्या. त्यांना 'निरीक्षण विहिरी' म्हणत. वर्षातून ठरावीक वेळी जाऊन त्यांतलं पाणी किती खोल आहे ते मोजायचं. त्यावरून जमिनीच्या पोटात पाणी वाढतंय की आटतंय, हे वरच्या लोकांना कळायचं. कुठल्या गावाला टंचाई आहे आणि टँकर कुठे द्यायचा, हे ठरवतानाही हेच आकडे बघितले जात.

जीपमध्ये आम्ही तिघं असायचो. एक आमचे साहेब, भूगर्भाचे अभ्यासक. ते माणसांपेक्षा खडकांशी जास्त बोलत. दुसरे ड्रायव्हरमामा. तेच विहिरीत टेप सोडत. तिसरी मी. माझं काम अहवाल इंग्रजीत लिहिण्याचं, आणि गावातल्या बायकांना पाण्याबद्दल प्रश्न विचारण्याचं. माझी नेमणूक माझ्या इंग्रजीमुळे झाली होती. पाण्याबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की ते उकळून प्यावं.

मी कशी दिसत असेन, याची कल्पना करा. कडक इस्त्रीची साडी, टोक काढलेल्या पेन्सिली, रंगीत नाड्यांच्या फायली आणि पर्समध्ये उकळलेल्या पाण्याचा थर्मास. शिवाय एक पद्धत मी स्वतः सुरू केली होती, आणि तिचा मला फार अभिमान होता. आम्ही कुठल्या दिवशी येणार, हे प्रत्येक गावाला आधी पत्राने कळवायचं. न कळवता कुणाच्या दारात जाऊ नये, असं मला मिशनच्या शाळेत शिकवलं होतं. साहेबांनी माझ्या या शिस्तीचं कौतुक केलं होतं. ही पद्धत लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

पहिल्या भेटीत आक्का विहिरीच्या कठड्याशी उभ्या होत्या. उंच, काटक, पदर कमरेला खोचलेला. कठड्यावर आमच्या खात्याने पिवळ्या रंगाची खूण केली होती. तिथून खाली पाणी मोजायचं. त्या खुणेभोवती आक्कांनी चुन्याचा पांढरा चौकोन काढला होता. तिथे कुणी घागर टेकवली तरी त्या ओरडत.

"गावात इतक्या हिरी हायत्या," त्या मला म्हणाल्या. विहिरीला तिकडे हीर म्हणतात. "वरल्या आळीत दोन हायत्या, मारुतीम्होरं एक हाय. पर सरकारनं निवडली कुंची? आमची!"

खरं तर साहेबांनी ती निवडली होती कारण ती रस्त्याच्या कडेला होती आणि तिथवर जीप जायची. हे मी त्यांना सांगितलं नाही.

मग त्यांनी घरात नेलं. भिंतीवर निळ्या कोटातला एकच फोटो होता, त्याला ताजा हार होता. आक्कांनी आमच्यापुढे पितळेची परात ठेवली, परातीत तांब्या ठेवला, आणि घागर वाकवून तांब्या भरायला सुरुवात केली. तांब्या काठोकाठ भरला तरी त्या थांबल्या नाहीत. पाणी वरून ओघळून परातीत पडू लागलं, तेव्हा कुठे त्यांनी घागर सरळ केली.

"घ्या बाईसाहेब."

माझा हात सवयीने पर्समधल्या थर्मासकडे गेला. तेवढ्यात अंगण गप्प झालं. शेळ्या चघळायच्या थांबल्या असं मला वाटलं, पण तो भास असावा. ड्रायव्हरमामा उगाच खाकरले. दारात उभ्या असलेल्या वस्तीतल्या सगळ्या बायका माझ्या हाताकडे बघत होत्या. माझ्या डोक्यात जंतू होते. त्यांच्या डोक्यात काय होतं, ते मला जरा उशिराच उमगलं. त्यांच्या घरचं पाणी न पिणारे लोक त्यांनी जन्मभर पाहिले होते. त्यांची कारणं माझ्याहून वेगळी असायची, पण हात असाच मागे जायचा.

मी तांब्या उचलला आणि इतक्या घाईने तोंडाला लावला की निम्मं पाणी इस्त्रीच्या साडीवर सांडलं.

"सावकाश, सावकाश," आक्का म्हणाल्या. "पळून जात न्हाय पानी. आमच्याकडं काय कमी न्हाय."

अंगण हसलं. परातीत सांडलेलं पाणी त्यांनी शेळ्यांपुढे ठेवलं.

मग मी प्रश्नावली काढली. घरात रोज पाणी किती लागतं? "भरपूर." उन्हाळ्यात कमी पडतं का? "छ्या!" पाण्यासाठी लांब जावं लागतं का? "दारात हीर आसताना लांब कशाला मरायला जाताव?"

आक्कांची सून चुलीपाशी बसली होती. ती एवढ्या जोरात खोकली की मी तिला औषध घ्यायचा सल्ला दिला.

ती विहीर त्यांना इतकी प्रिय का, हे मला दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कळलं. आक्कांच्या लहानपणी वस्तीला स्वतःची विहीर नव्हती. वरच्या आळीतल्या विहिरीला ह्यांना हात लावायची मुभा नव्हती. घागर घेऊन लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर ती बाई वरून पाणी ओतणार. "कवा वतायची, कवा निस्तीच बगून जायची," आक्का सांगत. बहात्तरच्या दुष्काळात सगळीकडे खडी फोडायची कामं निघाली, तेव्हा वस्तीतल्या लोकांनी हट्टाने विहिरीचं काम मागून घेतलं. आक्कांनी स्वतः टोपल्यांनी माती उपसली होती. पाणी लागलं त्या दिवशी त्या विहिरीत उतरून नुसत्या उभ्या राहिल्या होत्या. "पाय भिजस्तवर," म्हणायच्या.

आता माझ्या विद्वत्तेकडे वळते.

दोन वर्षं आम्ही ती विहीर मोजली आणि चकित झालो. चोहीकडच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात खाली जाई, आणि आक्कांच्या विहिरीत मात्र बऱ्यापैकी पाणी असे. साहेब खडकावर हातोडी मारून विचारात पडले. मी मात्र पडले नाही, मी लिहायला बसले. भेगाळलेल्या काळ्या खडकाच्या थरात वरच्या वर अडकून राहिलेला एखादा गुप्त जलसाठा असावा, अशी उपपत्ती मी झकास इंग्रजीत मांडली. एका वाक्यात तर तीन अर्धविराम होते. तो परिच्छेद वरच्या कार्यालयाला फार आवडला. छापील अहवालात तो जसाच्या तसा आला, आणि ते पान मी तुमच्या आजोबांना जेवताना दोनदा वाचून दाखवलं. आजोबा म्हणाले, "पण पाणी असं आपणहून वर कसं येईल?" मी म्हणाले, "तुम्हाला त्यातलं कळत नाही."

पुढच्या वर्षी पाऊस जवळजवळ आलाच नाही. उन्हाळ्यात त्या गावाने टँकर मागितला. अर्ज नामंजूर झाला. कारण सरळ होतं. गावातल्या निरीक्षण विहिरीत पाणी आहे, आणि तिथे गुप्त साठा असल्याचं सरकारी अहवालातच छापलेलं आहे.

त्या उन्हाळ्यातल्या मोजणीचा दिवस मी शिस्तीत कळवला होता. पण साहेबांना नेमकं त्या दिवशी मुंबईहून येणाऱ्या समितीपुढे हजर व्हायचं होतं, म्हणून आमची फेरी एक दिवस आधी ठेवावी लागली. बदललेल्या तारखेचं पत्र मी तत्परतेने लिहिलं, तिकीट लावलं आणि टाकलं मात्र नाही. ते माझ्या पर्समध्ये, थर्मासला चिकटून राहिलं.

गावाच्या अलीकडे कोरडी नदी लागते. जीप वाळूत उतरली आणि समोर वस्तीतल्या सगळ्या बायका दिसल्या. वाळूत कमरेइतका खड्डा खणला होता. खड्ड्याच्या तळाशी पाणी झिरपत होतं. एक बाई आत बसून वाटीने ते घागरीत भरत होती, बाकीच्या उन्हात रांगेने थांबल्या होत्या. आतल्या बाईने जीपचा आवाज ऐकून मान वर केली. त्या आक्का होत्या.

आम्ही बघत राहिलो. त्याही बघत राहिल्या. मग वाटी तशीच हातात धरून त्या रागाने म्हणाल्या,

"तुमी उद्या येनार व्हता!"

"हो आक्का, पण…"

"पत्रात उद्याचं लिवलं हुतं. ग्रामसेवकानं वाचून दावलं. आसं न सांगता येत्यात व्हय कुनाकडं?"

माझ्या मिशनच्या शाळेतल्या बाई तिथे असत्या, तर त्यांनी आक्कांचीच बाजू घेतली असती.

"विहीर असताना इथे कशाला आलात?" साहेबांनी विचारलं.

आक्का खड्ड्यातून बाहेर आल्या. वाळू झटकली. हात हवेत आडवा फिरवला.

"आमच्याकडं काय कमी न्हाय," त्या म्हणाल्या. दुसऱ्या हातात ती वाटी होतीच.

सून आधी हसली. तोंडावर पदर घेतला तरी हसू थांबेना. तिचे पाय सुजलेले होते, आठवा महिना चालू होता. हसता हसता ती म्हणाली, "आत्याबाई, आता बास करा वो! पाव्हणे तांब्याभर पिऊन जात्यात, आन त्या पाण्यापायी आमचं कंबरडं मोडायलंय." मग ती माझ्याकडे वळली. "बाईसाब, तुमचं पत्र आलं की ह्या हिरीला कुनाला हात लावू देत न्हायत्या. दोन-तीन दिस दोर काढून घरात ठिवत्यात. साऱ्या वस्तीनं नदीला यायचं. हीर तेवढी साचती. औंदा तेवढ्यानं बी भागंना, तर घरटी एक घागर हिरीत वता म्हनल्या!"

"विहिरीत ओता?" साहेब म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला पहिल्यांदाच ऐकला.

"मग?" आक्का त्यांच्यावर उखडल्या. "साऱ्या गावातनं आमची निवडली. पाव्हणं टेप घिऊन येनार, आन आमी काय रिकामी हीर दावायची? तुमच्या घरी पाव्हणा आला तर पीठ न्हाय म्हनून रिकामा डबा म्होरं ठिवता का?"

मला समोर दिसत होता तो माझा गुप्त जलसाठा. भेगाळलेल्या खडकात नव्हता तो. वस्तीतल्या बायकांच्या डोक्यावर होता, घागरींमध्ये. तीन अर्धविरामांसकट.

आम्ही चालतच वस्तीवर गेलो. आक्कांनी अंगणात परात मांडली, तांब्या ठेवला आणि नुकतीच वाटी-वाटीने भरलेली घागर वाकवली. मी "नको, नको" म्हणत राहिले. तांब्या भरला, ओघळला, तेव्हाच घागर सरळ झाली. मी प्याले. त्यात वाळू होती. उकळलेल्या पाण्याचा थर्मास पर्समध्ये होता, त्या पत्राला चिकटलेला.

"आक्का," मी म्हणाले, "विहीर आहे तशी मोजू द्या. नाहीतर टँकर येणार नाही."

"न्हाय आला तर न्हाय आला. मला टँकर नगं."

"आत्याबाई!" सून म्हणाली.

"तू गप." मग त्या माझ्याकडे वळल्या. "टँकर म्हंजी काय? परत कुनीतरी वतनार, आन आमी घागर घिऊन खाली उभं ऱ्हायचं. त्यो वतंल तवा वतंल. म्या लई उभी ऱ्हायले, पोरी. आता न्हाय."

त्यांनी मला बाईसाहेब म्हणायचं सोडून पोरी म्हटलं, हे माझ्या लक्षात आलं. त्यांच्या मात्र आलं नसावं.

माझ्याजवळ इंग्रजी होतं, फायली होत्या, पदवी होती. त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. मग एक अगदी साधी गोष्ट आठवली. ती गोष्ट कार्यालयात शिपायालाही ठाऊक होती.

"आक्का, टँकर घागरीत ओतत नाहीत. तो विहिरीत रिकामा करतात. कुणापुढे उभं राहायचं नाही. तुम्ही तुमच्याच विहिरीतून, तुमच्याच दोराने शेंदायचं."

आक्कांनी विचारलं, "कुंच्या हिरीत?"

ड्रायव्हरमामा म्हणाले, "रस्त्याच्या कडंची हीच हाय. टँकर काय वरल्या आळीच्या बोळात शिरत न्हाय."

"म्हंजी… वरल्या आळीच्या बाया हिकडं येनार? आमच्या हिरीवर?"

"यावंच लागेल."

"चेअरमनची बायकू बी?" दूध सोसायटीचे चेअरमन म्हणजे त्या गावातलं सगळ्यात मोठं घर.

"त्याही."

शेळीने परातीत तोंड घातलं तरी आक्कांचं लक्ष नव्हतं. मग उठल्या, आतून विहिरीचा दोर आणून बाहेर टाकला आणि ड्रायव्हरमामांना म्हणाल्या, "सोडा टेप."

टेप वर आला तो चिखलाने माखलेला. ड्रायव्हरमामांनी तो पुसायला घेतला.

"पुसू नगा," आक्का म्हणाल्या. "सायबांला दावा. आन बाय, तू लिव, चिखोल हाय म्हून. मोठ्या अक्षरात लिव."

मी लिहिलं. इंग्रजीत न लिहिता मराठीत लिहिलं, त्यांना वाचून दाखवता यावं म्हणून.

टँकर आला. पहिल्या दिवशी वरच्या आळीतून कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन म्हाताऱ्या आल्या. तिसऱ्या दिवशी चेअरमनची बायको आली आणि लांबच, रस्त्यापलीकडे घागर घेऊन उभी राहिली. पुढे यावं की नाही, हे तिला कळेना. हे मला सुनेने नंतर सांगितलं, नक्कल करून. सगळी वस्ती बघत होती, आता आक्का काय करतात. आक्का कठड्यावर एक हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी दुसरा हात आडवा फिरवला.

"लांब कशाला उभ्या? या की फुडं. शेंदा. आमच्याकडं काय कमी न्हाय."

इकडे मी माझा परिच्छेद मागे घेण्यासाठी वर पत्र पाठवलं. छापलेलं मागे घेता येत नाही, असं उत्तर आलं. म्हणजे तो गुप्त जलसाठा कुठल्यातरी कपाटात अजूनही वाहतो आहे. ईरा, तुला तो सापडला तर हळूच पान उलट. साहेबांच्या आग्रहाने एक नियम मात्र झाला. निरीक्षण विहिरी यापुढे गावाला आधी न कळवता मोजाव्यात. सरकारी धोरणात माझा काही वाटा असेल तर तो एवढाच, की माझी सगळ्यात आवडती पद्धत बंद झाली.

आक्कांना तो नियम कधीच पटला नाही. पुढच्या खेपेला आम्ही न सांगता उभे राहिलो, तेव्हा त्यांनी मोजू दिलं, पण तोंड फिरवून. "शिकलेली मान्सं," त्या म्हणाल्या, "आन पाव्हणं म्हून यायची रीत न्हाय." सुनेच्या कडेवर तोवर मुलगी होती. तिच्यासाठी मी नेलेलं झबलं त्यांनी ठेवून घेतलं आणि मला परत पाठवताना शेंगांची पिशवी दिली, जड, तोंड बांधता येणार नाही इतकी भरलेली.

नंतर आमची बदली झाली. आक्का गेल्याचं मला वर्षभराने कळलं. ते कळवणारं पत्रही असंच कुणाच्या तरी पिशवीत राहिलं असेल.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नाला तिकडे गेले होते. वाकडी वाट करून वस्तीवर गेले, न कळवता. सुनेचे केस पांढरे झाले होते. तिने मला ओळखलं, परात मांडली, तांब्या ठेवला, आणि घागर वाकवली. पाणी ओघळेपर्यंत ती थांबली नाही. मीही थांबवलं नाही. थर्मास वापरणं मी केव्हाच सोडलं होतं.

विहीर अजून आहे. कठड्यावर पिवळी खूण आहे, आणि तिच्याभोवती चुन्याचा चौकोन दरवर्षी कुणीतरी काढतं. खात्याचा माणूस न सांगता येतो आणि टेप सोडतो. पाणी असलं तर तेवढं लिहितो, नसलं तर चिखल लिहितो.

तुमची आजी